टुमदार

२०२४च्या एका दिवाळी अंकात माझा एक लेख छापून आला. आदल्या वर्षी जर्मनीत एकटीने रेल्वेने हिंडले होते, त्या दहा दिवसांवरचा. अंक चंदगडला पोचल्यावर आईचा फोन आला. लेख तिने दोनदा वाचला होता. म्हणाली, "चांगला लिहिलायस. पण सगळीच गावं टुमदार कशी गं? आणि टुमदार म्हणजे नेमकं काय?"

मी हसून विषय बदलला. रात्री अंक उघडून मोजलं. 'टुमदार' हा शब्द अकरा वेळा आला होता. घरं टुमदार, चौक टुमदार, स्टेशन टुमदार, एका ठिकाणी तर पूलही टुमदार. संपादकांना तो खटकला नाही आणि मुद्रितं तपासताना मलाही नाही. युरोपातलं लहान गाव म्हटलं की मराठीत हा शब्द आपोआप येतो. उतरत्या छपरांची घरं, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या, दगडी फरशीचा रस्ता एवढं दिसलं की लिहिणाऱ्याचं काम झालं आणि वाचणाऱ्याचंही.

हा मजकूर म्हणजे माझ्याच त्या लेखाचं परीक्षण आहे. स्वतःच्या लेखाचं परीक्षण लिहिणं जरा विचित्र दिसेल. पण त्यात सापडलेल्या खोडी माझ्या एकटीच्या नाहीत, आजच्या मराठी प्रवासलेखनात त्या सर्रास दिसतात. त्यांची उदाहरणं दुसऱ्या कुणाच्या लिखाणातून काढण्यापेक्षा स्वतःच्या लेखातून काढलेली बरी.

*

आधी गावांची यादी कशी झाली ते सांगते, कारण पहिली चूक तिथेच आहे.

ऑफिसच्या कामासाठी मी तीन महिने स्टुटगार्टला होते. काम संपल्यावर दहा दिवसांची रजा मिळाली. त्याच वर्षी, १ मे २०२३पासून, जर्मनीत महिन्याचं ४९ युरोंचं तिकीट सुरू झालं होतं (२०२५च्या जानेवारीत ते ५८ युरो झालं). या एका तिकिटावर देशभरातल्या प्रादेशिक रेल्वेगाड्या, शहरांतल्या बस, ट्राम आणि भुयारी रेल्वे चालतात. लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या मात्र चालत नाहीत. थोडक्यात, खिशात पैसे बेताचे आणि हाताशी वेळ भरपूर असलेल्या माणसाचं हे तिकीट. स्टुटगार्टहून पोलंडच्या सीमेपर्यंत जायचं तर गाड्या बदलत बदलत अख्खा दिवस जाणार. म्हणून मी तीन-चार तासांचे टप्पे पाडले आणि प्रत्येक टप्प्याला एक लहान गाव शोधायला लागले.

इंटरनेटवर अशा गावांच्या याद्यांना तोटा नाही. फरक एवढाच की वीस-पंचवीस नावं सगळीकडे तीच. त्या नावांना मी माझी चाळणी लावली. स्टेशन गावातच हवं, चार किलोमीटर दूर नको. तासाला एक तरी गाडी हवी. राहायची जागा स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांच्या आत हवी आणि मधला रस्ता उजेडाचा हवा. स्टेशनवर सामान ठेवायला कुलपाचे कप्पे असले तर उत्तम. आणि अंधार पडायच्या आत तिथे पोचता आलं पाहिजे. एकट्या बाईने प्रवास ठरवताना सौंदर्य पाचव्या-सहाव्या क्रमांकावर येतं. आधी शेवटची गाडी किती वाजता ते बघावं लागतं.

यातली एकही गोष्ट माझ्या छापील लेखात नाही. ज्या हिशेबावर सगळा प्रवास उभा होता तो मी गाळला आणि कुंड्यांमधली फुलं ठेवली. हिशेब लिहिला असता तर त्यातून एक गोष्ट आपसूक पुढे आली असती. चंदगड तालुक्यात रेल्वे नाही. आमच्यासाठी रेल्वे म्हणजे बेळगाव, पस्तीस-चाळीस किलोमीटरवरचं. जिल्ह्याचं ठिकाण कोल्हापूर, ते शंभराहून जास्त किलोमीटर. मी शाळेत असताना बाबांनी मला आणि दादाला बेळगावच्या स्टेशनावर नुसती गाडी बघायला नेलं होतं. जर्मनीत फिरताना मला खरं नवल वाटलं ते आमच्या तालुक्याच्या गावाएवढ्या गावालाही तासाला गाडी असते आणि त्या गाडीत सकाळी दप्तरं घेतलेली पोरं बसलेली असतात, याचं. पण हे नवल मी लिहिलं नाही. ते लिहायचं तर चंदगडचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि दिवाळी अंकातल्या युरोपच्या लेखात चंदगड कशाला, असं मला तेव्हा वाटलं असावं.

*

मराठी प्रवासवर्णन पहिल्यापासून असं नव्हतं. विष्णुभट गोडसे उत्तरेत निघाले ते दक्षिणा मिळवायला. घरचं कर्ज फेडायचं होतं. वाटेत १८५७चा उठाव आडवा आला आणि 'माझा प्रवास' घडलं. पुस्तक छापून आलं १९०७मध्ये. गोडसे भटजींच्या प्रवासाला गरज होती, म्हणून त्यांना प्रत्येक गावात माणसं काय करून जगतात हे दिसतं.

पंडिता रमाबाईंचं अमेरिकेवरचं पुस्तक १८८९चं. त्याचं नावच बघण्यासारखं आहे: 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'. आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. राज्यकारभार कसा चालतो, शाळा कशा चालतात, बायकांची स्थिती काय, हे त्यांना सांगायचं होतं. आपण कुठे कुठे गेलो हे त्या मानाने दुय्यम. एकटी विधवा बाई, लहान मुलीची जबाबदारी, परका देश. कौतुक करून घ्यायला जागा भरपूर होती. त्यांनी ती घेतली नाही.

पुढे १९६०मध्ये पु. ल. देशपांड्यांची 'अपूर्वाई' आली आणि मराठी मध्यमवर्गाने परदेशाकडे बघायची एक रीत तिथून उचलली. पुलंच्या त्या अचंब्यात एक औषध होतं. ते सतत स्वतःवर हसत होते. अचंबा करणारा माणूस कुठल्या घरातून, कुठल्या गल्लीतून आलाय हे वाचकाला कायम दिसत राहायचं. नंतरच्या कितीतरी लेखकांनी अचंबा तेवढा ठेवला आणि हसणं सोडून दिलं. मीना प्रभूंनी एकेका देशाला एकेक जाड पुस्तक दिलं, त्यामुळे त्या पुस्तकांत इतिहासाला आणि भेटलेल्या माणसांना ऐसपैस जागा मिळाली. आता आम्ही लिहितो ते 'पाहायलाच हवीत अशी दहा गावं'. एका गावाला दोनशे शब्द. दोनशे शब्दांत लोकस्थिती मावत नाही, तिथे 'टुमदार' मावतं.

*

आता माझ्या यादीतली गावं.

पहिलं रोटेनबुर्ग, टाउबर नदीच्या वरच्या टेकाडावरचं. श्टाइनाख नावाच्या जंक्शनला गाडी बदलायची, तिथून एक लहान फाटा गावापर्यंत जातो. तटबंदी, वेशी, लाकडी चौकटींची घरं, बारा महिने नाताळचं सामान विकणारं दुकान. माझ्या लेखात या गावाबद्दल वाक्य आहे: "इथे काळ जणू थांबला आहे."

काळ थांबला नव्हता, पैसा थांबला होता. तीस वर्षांच्या युद्धात, १६३१मध्ये, हे गाव सैन्याने घेतलं आणि त्यानंतर त्याची भरभराट संपली. नवं बांधायला कुणाकडे काही नव्हतं म्हणून जुनं राहिलं. एकोणिसाव्या शतकात चित्रकारांना ते सापडलं, त्यांच्या मागोमाग प्रवासी आले आणि गावाच्या लक्षात आलं की आपलं जुनेपण हेच आपलं उत्पन्न. नाझी काळात सरकारी सहलींतून हजारो कामगारांना 'अस्सल जर्मन गाव' म्हणून इथे आणून दाखवत. त्याच अस्सलपणासाठी ऑक्टोबर १९३८मध्ये गावातल्या उरल्यासुरल्या ज्यूंना हाकलून दिलं गेलं. ३१ मार्च १९४५ला बॉम्बहल्ला झाला आणि गावाचा पूर्वेकडचा मोठा भाग जळाला. आज आपण फोटो काढतो त्यातली बरीच घरं १९४५नंतर जुन्या वळणाने पुन्हा बांधलेली आहेत. तटाच्या भिंतीत देणगीदारांच्या नावांचे दगड बसवलेत. त्यात जगभरची नावं आहेत, जपानीसुद्धा. मी त्या दगडांवरून हात फिरवत चालले होते. लेखात त्यांचा उल्लेख आहे, 'गोड कल्पना' असा.

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं असंही नाही. तटाजवळच्या पाटीवर बरंचसं लिहिलेलं होतं आणि मी ती वाचली होती. तरी लेखात नाही आलं. 'टुमदार' लिहून झाल्यावर त्याच परिच्छेदात हाकलून दिलेल्या ज्यूंना जागा उरत नाही. शब्द स्वतःपुरता निरुपद्रवी असतो, पण तो आपल्या शेजारी काय बसू देतो आणि काय नाही, ते बघायला हवं.

*

दुसरं गाव काल्फ. ब्लॅक फॉरेस्टच्या उत्तर टोकाला, नागोल्ड नदीच्या अरुंद खोऱ्यात. स्टुटगार्टहून फोर्त्सहाइमला जायचं आणि तिथून नदीकाठच्या गाडीने वर. मी हे निवडलं ते हर्मन हेसेसाठी. 'सिद्धार्थ' आपल्याकडे घराघरांत आहे. हेसेचा जन्म काल्फचा, २ जुलै १८७७चा. नदीवर जुना दगडी पूल आहे, त्याच्या मध्यावर एवढंसं प्रार्थनाघर, आणि पुलावर हेसेचा पुतळा, पर्यटकांच्या उंचीचा, त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढता येईल असा. टुमदार पूल तो हाच.

पण हेसे या गावाबद्दल काय लिहितो? त्याच्या कथांमध्ये काल्फ 'गेर्बर्सआउ' या नावाने येतं. गेर्बर म्हणजे कातडी कमावणारा. नावातच त्या कामाचा वास आहे. १९०६मध्ये आलेल्या त्याच्या 'चाकाखाली' या अर्थाच्या नावाच्या कादंबरीत अशाच एका गावातला हुशार मुलगा आहे. सगळ्या गावाची भिस्त त्याच्यावर. बाप, मास्तर, पाद्री सगळे मिळून त्याला राज्याच्या परीक्षेला बसवतात, तो दुसरा येतो, माउलब्रॉनच्या मठशाळेत जातो, तिथे मोडतो, घरी परत येऊन कारखान्यात हाताखाली काम शिकू लागतो आणि शेवटी नदीत बुडून मरतो. हेसे स्वतः १८९२मध्ये त्याच मठशाळेतून पळून गेला होता आणि पुढे काल्फमधल्या मनोऱ्याच्या घड्याळांच्या कारखान्यात त्याने उमेदवारी केली होती. नदी, मासे पकडणं, उन्हाळ्यातली संध्याकाळ यांच्यावर त्याचं प्रेम आहे, ते पानापानावर दिसतं. आणि तेच गाव पोराला कसं चिरडतं हेही त्याच पानांवर. लहान गावात वाढलेल्या माणसाचं गावाशी असंच काहीतरी असतं. आमच्या तालुक्यातून दहावीला पहिला आलेला कुठलाही मुलगा ही कादंबरी सहज समजून घेईल.

काल्फबद्दल अजून एक गोष्ट लेखात यायला हवी होती. हेसेच्या आईचे वडील हर्मन गुंडर्ट बासेल मिशनचे. ते वीसेक वर्षं मलबारात होते, मल्याळमचा त्यांचा कोश १८७२चा. हेसेच्या आईचा जन्म केरळातल्या तलश्शेरीचा. हिंदुस्थानातून परतल्यावर गुंडर्ट काल्फमध्ये राहिले आणि तिथलं धार्मिक पुस्तकांचं प्रकाशनगृह त्यांनी चालवलं. या मिशनचं मुख्यालय स्वित्झर्लंडमधल्या बासेलचं, पण माणसं मोठ्या संख्येने काल्फसारख्याच वुर्टेंबर्गमधल्या गावांतून आलेली. या मिशनने मंगळूरला काढलेल्या उद्योगांपैकी एक म्हणजे कौलांचा कारखाना. गेओर्ग प्लेब्स्ट नावाच्या मिशनऱ्याने तो १८६५मध्ये सुरू केला. धर्म बदलल्यामुळे जातीचा धंदा सुटलेल्या लोकांना काम मिळावं, हा त्यामागचा एक हेतू.

म्हणजे आपण ज्याला 'मंगलोरी कौल' म्हणतो, ज्याच्यामुळे कोकणातलं आणि आमच्या घाटमाथ्यावरचं घर शहरातल्या पाहुण्याला टुमदार दिसतं, ते कौल दीडशे वर्षांपूर्वीच्या एका कारखान्याचा माल. काल्फच्या पुलावर उभी राहून मी समोरच्या लाल छपरांचे फोटो काढत होते. तशीच लाल छपरं आमच्या गल्लीत आहेत आणि त्या दोन छपरांमध्ये नातं आहे, हे मला परत आल्यावर, कौलं उतरवायची वेळ आली तेव्हा कळलं.

*

तिसरं ग्योर्लिट्स. ड्रेस्डेनहून प्रादेशिक गाडीने दीडेक तास. हे जर्मनीचं अगदी पूर्वेचं टोक. युद्धात फारसं न पडलेलं, त्यामुळे चार-पाचशे वर्षांच्या इमारती ओळीने उभ्या. इतक्या की सिनेमावाले इथे येतात. 'द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल'मधल्या हॉटेलचा आतला भाग इथल्याच एका जुन्या, बंद पडलेल्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये उभा केला होता. गाव इतकं देखणं का राहिलं याचं एक उत्तर असं: १९९५ ते २०१६ अशी जवळजवळ दरवर्षी एक निनावी माणूस जुन्या गावाच्या डागडुजीसाठी दहा लाख मार्क, पुढे युरो आल्यावर त्याच किमतीची रक्कम, पाठवत राहिला. तो कोण हे शेवटपर्यंत कळलं नाही.

ही गोष्ट मी लेखात चवीने सांगितली. जी सांगितली नाही ती अशी, की या सुंदर घरांपैकी कितीतरी रिकामी होती. १९९०नंतर पूर्व जर्मनीतले कारखाने बंद पडले आणि तरुण लोक पश्चिमेला गेले. रिकाम्या घरांत लोक यावेत म्हणून नगरपालिकेने बाहेरच्यांना काही दिवस फुकट राहून बघायचं निमंत्रण देणाऱ्या योजना काढल्या. संध्याकाळी सातच्या सुमारास मी एका गल्लीतून चालत होते. दोन्ही बाजूंना रंगवलेली, कोरीव दारांची घरं, आणि सात-आठ खिडक्यांत मिळून एक दिवा. माझ्या लेखात त्या संध्याकाळचं वर्णन "निवांत" असं आहे. घरी परतताना पारगडच्या रस्त्यावरच्या एखाद्या वाडीत असाच एक दिवा दिसतो, तेव्हा मी त्याला निवांत म्हणत नाही. तिथे मला माहीत असतं की पोरं पुण्या-मुंबईला किंवा गोव्याला गेलीत आणि घरात एक म्हातारी आहे.

ग्योर्लिट्समधून नायसे नदी वाहते. १९४५मध्ये ही नदी सीमा ठरली आणि गावाचा पूर्वेकडचा भाग पोलंडमध्ये गेला. त्याचं नाव झगोझेलेत्स. तिथले जर्मन हाकलले गेले, त्यांच्या घरांत पूर्वेकडून आलेली पोलिश माणसं राहायला आली, त्यातली बरीच स्वतःही विस्थापित. युद्धाच्या शेवटी उडवलेला पादचारी पूल २००४मध्ये पुन्हा बांधला. मी गेले तेव्हा तो ओलांडताना मला कुणी काही विचारलं नाही. पलीकडे पाट्यांची भाषा बदलली एवढंच.

चंदगडच्या माणसाला हा पूल समजायला हवा होता. १९५६पर्यंत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यात होता. राज्यं पुन्हा आखली गेली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि एवढा एक तालुका मागे राहून कोल्हापूरला जोडला गेला. आमचा बाजार बेळगावचा, दवाखाना बेळगावचा, रेल्वे बेळगावची, कचेरी मात्र कोल्हापूरची. शिनोळी ओलांडली की पाट्या कन्नड होतात. वाद तापला की एसटी बंद, डिसेंबर २०२२मध्ये झाली तशी. मी हे सगळं घेऊनच त्या पुलावर उभी होते. लिहिताना मात्र लिहिलं, "एका पावलात दुसरा देश, किती गंमत!"

या एका वाक्यासाठी मला माझा लेख फाडून टाकावासा वाटतो. सीमा गमतीची वाटायला आपण तिथले नसावं लागतं. मी तर सीमेवरचीच होते आणि नसल्याचं सोंग करत होते.

*

आईच्या प्रश्नाचं उत्तर मला या वर्षी द्यावं लागलं.

चंदगडचं आमचं घर आजोबांनी बांधलेलं. मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब, वर कौलं. माझ्या पुण्याच्या मैत्रिणी आल्या की पडवीत बसून म्हणायच्या, "किती टुमदार घर आहे गं तुमचं!" आई चहा घेऊन यायची आणि काही बोलायची नाही. आमच्याकडे पाऊस जूनमध्ये लागतो तो सप्टेंबरपर्यंत. दरवर्षी मे महिन्यात शाकारणी. फुटलेली कौलं बदलायची, सरकलेली बसवायची, कुजलेल्या रिपा काढायच्या. वानरं एका उडीत दहा कौलं फोडतात. पूर्वी शाकारणीला माणसं मिळायची, आता मिळत नाहीत; तरुण पोरं छपरावर चढायला तयार नाहीत आणि त्यांचं काही चूक नाही. बाबा गेल्यावर दोन पावसाळे आईने माजघरात चार ठिकाणी पातेली मांडून काढले. दादा म्हणाला, स्लॅब टाकू. मी जर्मनीहून आल्या आल्या विरोध केला. जुनं घर राखायला हवं, तिकडे बघा कसं राखतात, वगैरे.

आई म्हणाली, "राख की. जून ते सप्टेंबर इथं येऊन राहा. मी जाते पुण्याला."

तिकडे कसं राखतात हे तोवर मी नीट वाचलंही नव्हतं. तिकडे जुन्या घराला कायद्याचं संरक्षण असतं आणि त्याबरोबर मालकाला सरकारी अनुदान, करात सवलत, लाकडाचं जुन्या पद्धतीचं काम येणारे कारागीर, त्यांना शिकवणाऱ्या संस्था हेही असतं. मालकाच्या डोक्याला तापही असतो. खिडकी बदलायची तरी परवानगी. यातलं आमच्याकडे काहीच नाही. आमच्याकडे फक्त पाहुण्यांचं कौतुक आहे, आणि ते छपरावर चढत नाही.

कोवाड आमच्याच तालुक्यातलं, ताम्रपर्णीच्या काठचं. रणजित देसाई तिथले. 'स्वामी' आणि 'श्रीमान योगी'चे लेखक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो, पण त्याआधी 'बारी' आणि 'माझा गाव' ही त्यांनी लिहिली. 'माझा गाव' या दोन शब्दांत जी मालकी आहे तिच्यात गावाचे दोषही आपले असतात. ऑगस्ट २०१९मध्ये त्याच ताम्रपर्णीचं पाणी कोवाडच्या बाजारपेठेत शिरलं होतं. नदीकाठचं गाव टुमदार असतं असं मी अकरांपैकी एका ठिकाणी लिहिलंय. कोवाडच्या दुकानदाराला ते वाक्य वाचून दाखवायची माझी हिंमत नाही.

मार्चमध्ये घर उतरवलं. मी रजा घेऊन गेले होते. कौलं एकेक करून खाली आली, पाठीवर कारखान्याचे ठसे. खांब, दारं आणि बरीचशी कौलं एका माणसाने विकत घेतली. गोव्याच्या बाजूला कुणाचं तरी रिसॉर्ट होतंय, तिथे 'पारंपरिक' खोल्या बांधायच्या आहेत. त्याने माजघराच्या दाराचे फोटो काढले आणि शब्द वापरला तो अर्थातच तोच. आईने भाव मात्र नीट ठरवून घेतला. आमचं दार आता तिथे असेल आणि कुणीतरी तीन दिवसांच्या मुक्कामात त्याच्याजवळ उभं राहून फोटो काढत असेल. त्या दारावर बाबा दरवर्षी पेन्सिलीने आमची उंची मांडायचे. त्या खुणा त्यांनी घासून काढल्या का ठेवल्या, कोण जाणे. ठेवल्या असतील तर पाहुण्यांना त्या आवडतील.

*

मग लहान गावांना जाऊच नये का? जावं. मला अजून जायचंय. एकटीने, हळू गाडीने, खिडकीशी बसून. फक्त यादी करताना आता माझे प्रश्न वेगळे असतील. गावात शाळा आहे का आणि सकाळच्या गाडीत पोरं दिसतात का? सोमवारी दुकानं उघडी असतात का, आणि दुकानात चुंबकांशिवाय खिळे, दोरी, बल्ब मिळतात का? ही सुंदर घरं कशामुळे उरली, आणि आधी त्यांत राहणारी माणसं कुठे गेली? डागडुजीचा खर्च कोण करतं? या प्रश्नांसाठी एक मुक्काम पुरत नाही, निदान दोन लागतात, त्यातला एक आठवड्याच्या मधल्या वारी. दहा दिवसांत मग आठ गावं होणार नाहीत, चार होतील. शेवटच्या गाडीची वेळ आणि उजेडाचा रस्ता हे आधीसारखंच बघायचं.

आणि लिहिताना रमाबाईंचा क्रम: आधी लोकस्थिती.

नव्या घराचा स्लॅब मे महिन्यात पडला. चौकोनी, करड्या रंगाचं, गल्लीतल्या इतर दहा घरांसारखं घर. कुणी त्याचा फोटो काढणार नाही. जूनमध्ये पाऊस लागला त्या रात्री मी आईला फोन केला, गळतंय का विचारायला.

"कुठं गळतंय," ती म्हणाली. "आवाजच येत नाही पावसाचा. झोप लागली न्हाई मला."

विकलेल्यातली वीसेक कौलं तिने बाजूला काढून ठेवली आहेत, परड्यात, भिंतीला टेकून. कशाला ते मी विचारलं नाही.